बंद पडलेलं ख्रिस्ती लिखाण पुन्हा सुरू करायचंय. काय परत आणू, काय नको?

सिस्टरबाई_नगर

सर्वांना सलाम.

मी सेवानिवृत्त परिचारिका. मुक्काम अहमदनगर, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर. वडील पाळक होते. त्यांची बदली होईल त्या गावी आमचं बिऱ्हाड जायचं. राहुरी, शेवगाव, संगमनेर असा सगळा भाग त्यामुळे पायाखालचा. २००६ मध्ये भाच्याने मला इंटरनेटवर लिहायला जागा करून दिली आणि रात्रपाळी नसेल तेव्हा मी लिहीत गेले. मी काही ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. उपदेश करायची मला हौसही नाही, तो मी घरात पुरेसा ऐकलाय. मी लिहायचे ते खेड्यातल्या मंडळ्यांबद्दल (म्हणजे चर्चच्या लोकांबद्दल), जुन्या भजनांबद्दल आणि त्यांच्या चालींबद्दल, वडिलांच्या वह्यांत सापडलेल्या मुद्द्यांबद्दल. शिवाय साक्षी. दुखण्यातून उठलेले, दारू सुटलेले, सासरी छळ सोसून विश्वासात टिकलेल्या बाया. त्यांनी सांगायचं, मी उतरवून घ्यायचं. वाचणारे होते बऱ्यापैकी.

मग दुखणी सुरू झाली. पहिलं फॉन्टचं. भाच्याने डीटीपीवाल्यांचा जुना फॉन्ट वापरला होता. पान उघडलं की तो आपोआप उतरायचा, पण एकाच ब्राउझरमध्ये. बाकीच्यांना नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसे. अमेरिकेतल्या मावसबहिणीने विचारलं, "तू मला इंग्रजीत शिव्या का पाठवतेस?" पुढे मी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, लिहायला लागले, पण जुने लेख तसेच राहिले. मग सर्व्हर ज्यांचा होता त्यांनी तो दुसऱ्याला विकला. सामान हलवताना युनिकोडमधले लेखही बिघडले. काहींत रोमन अक्षरांवर टोप्या आणि टिंबं आली, काहींत फक्त प्रश्नचिन्हं. बायबलमधल्या ईयोबावर, म्हणजे दुःख सोसताना देवालाच प्रश्न विचारणाऱ्या माणसावर, लिहिलेला एक लेख तर शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रश्नचिन्हांचा. ईयोबाला आवडला असता.

शेवटी साइटचं नावही गेलं. नूतनीकरणाची सूचना भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर जात होती आणि कॉलेज सोडून त्याला किती तरी वर्षं झाली होती. आता त्या नावावर तीन पत्तीचा जुगार चालतो. आमच्या महिला मंडळातल्या एका बाईंनी पत्ता मोबाइलमध्ये साठवून ठेवला होता. उघडला, आणि मला फोन केला. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर मी लिहिणं सोडलं. आता पुन्हा मनात आलं त्याला निमित्त मुंबईहून आलेला एका मुलाचा फोन. त्याच्या आजीला दवाखान्यात एक भजन ऐकायचं होतं. शब्द त्यांना मिळाले, चाल कोणालाच येईना. "तुम्ही कधीतरी त्या चालीबद्दल लिहिलं होतं, ते कुठे आहे?" मी फोनवर गाऊन दाखवली. पण असं कितीजणांना फोनवर गाऊन दाखवणार?

माझ्याकडे उरलंय ते असं: भाच्याने केलेली एक सीडी, डेटाबेसची एक फाइल पेनड्राइव्हवर, मंडळीच्या मासिक पत्रकात छापलेल्या लेखांच्या पेजमेकरच्या (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या) फाइली आणि एका वाचकबाईंनी जपलेले काही कागद. यातून काय वाचेल? आणि वाचलेलं सगळंच परत टाकावं का? माझं एक मन म्हणतं जसंच्या तसं ठेवावं, दुसरं म्हणतं कोऱ्या पानावर सुरू करावं.

अक्षरजुळारी

ताई, सलाम. मी पुण्यात डीटीपी करायचो, आता प्रोग्रॅमिंग करतो. तुमच्यासारख्या फाइली बऱ्याच हाताळल्यात, म्हणून लांबलचक लिहितोय.

सगळ्यात आधी त्या सीडीची संगणकावर प्रत करून घ्या. आजच. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षांनी उडतो, आणि एकदा वाचायला नकार दिला की दिला. मूळ वस्तूवर काहीही काम करायचं नाही, सगळं प्रतीवर.

तुमचे बिघाड तीन वेगवेगळे आहेत, त्यांना एक समजू नका. जुन्या फॉन्टमधल्या लेखांत काहीच हरवलेलं नाही. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, फक्त त्याच्यावर मराठी आकार चढवलेला असतो. कोणत्या रोमन खुणेमागे कोणता मराठी तुकडा आहे याचा तक्ता असला की रूपांतर होतं. प्रचलित फॉन्टांचे असे परिवर्तक इंटरनेटवर फुकट मिळतात. फॉन्टचं नाव नक्की काय ते पाहा. फाइलीत नाहीतर भाच्याच्या डोक्यात असेल.

टोप्या-टिंबांचे लेखही बहुधा वाचतील. युनिकोडमधलं एक देवनागरी अक्षर साठवताना तीन बाइट लागतात. सामान हलवणाऱ्याने त्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र रोमन अक्षर मानलं, म्हणून एकाची तीन झाली. मधला एकही बाइट गळला नसेल तर ही प्रक्रिया उलटी फिरवता येते. मला अशा फाइलीचा एक तुकडा पाठवा, मी पाहतो.

प्रश्नचिन्हं मात्र गेली. तिथे संगणकाने अक्षर ओळखलंच नाही आणि त्याच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. त्याच्या मागे आता काही नाही. ईयोब हवा असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तुमचा जुना पत्ता टाकून पाहा. ते लोक १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती काढून ठेवतायत. तुमचं सामान हलण्याआधीच्या तारखेची प्रत मिळाली तर नशीब. आज त्या पत्त्यावर जुगार असला तरी जुन्या तारखेखाली तुमचंच पान दिसेल.

पेजमेकरच्या फाइली लिब्रऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडून पाहा, फुकट आहे. मांडणी मोडेल, मजकूर निघेल. कागद असतील त्यांचे मोबाइलवर सरळ, सावली न पाडता फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी तो चांगलं वाचतो. हस्ताक्षराची आशा धरू नका.

आणि एक खास तुमच्यासाठी. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अख्ख्या जोडाक्षराच्या नंतर येते. परिवर्तक अडाणी असला की वेलांटी जोडाक्षराच्या मध्येच घुसवतो. त्याचा सगळ्यात मोठा बळी कोण, तर 'ख्रिस्त'. तुमच्या लेखांत तो ठिकठिकाणी 'खि्रस्त' झालेला असेल. 'प्रिय'चा 'पि्रय', तोच प्रकार. शोधा-आणि-बदला वापरून 'खि्र' तेवढं सगळीकडे 'ख्रि' करा, निम्मं काम तिथेच होईल. 'तारणाऱ्या', 'करणाऱ्या' हेही तपासा, त्यातला र बिघडतो. रफारही पाहा, 'धर्म', 'स्वर्ग', 'प्रार्थना'. म्हणजे तुमचा अर्धा शब्दकोश.

स्पष्ट_बोलतो

रागावू नका, पण एवढा खटाटोप कोणासाठी? हल्ली साइट उघडून कोण वाचतं? मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज एक परिच्छेद टाका. लोक वाचतात, आमेन म्हणतात, झालं.

सिस्टरबाई_नगर

रागावत नाही. करून बसलेय ते. माझाच एक लेख आठवड्याभराने मलाच परत आला. खालचं नाव गळलेलं, मध्ये दोन परिच्छेद कोणाचे तरी, आणि शेवटी "हा संदेश अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल". आशीर्वादाची अशी साखळी लावलेली वडिलांनी पाहिली असती तर प्रभुभोजनाला बसू दिलं नसतं मला.

शिवाय त्या मुंबईच्या मुलाला गटात कोण घेणार? शोधणाऱ्याला शोधून सापडायला हवं, एवढंच माझं म्हणणं. गटावर दुवा मी टाकेनच.

अक्षरजुळारी, तुमचं कसं मानू कळत नाही. सीडीची प्रत झाली. चरचरत होती, पण वाचली. 'खि्रस्त' खरंच सगळीकडे आहे. बघून आधी हसू आलं, मग मोजायचं सोडून दिलं.

वसईची_माय

ताई, येशूची शांती. मी कॅथलिक, वसईची. तुमचं आमचं उपासनेचं पुस्तक वेगळं, पण दुखणं एकच.

मला वाटतं, भजनांपासून सुरुवात करा, आणि नुसते शब्द देऊ नका. आमच्याकडे लग्नाची जुनी गाणी आमच्या बोलीत आहेत. आम्ही काही जणी ती लिहून काढत होतो. वही भरली तेव्हा लक्षात आलं की पुढची पिढी ही वही हातात घेऊन नुसती वाचेल. मग म्हाताऱ्यांना बसवून मोबाइलवर गाऊन घेतलं. एक आजी तर शब्द सांगायला बसवलं की अडायच्या, पण हाताला काम दिलं की धडाधड गायच्या. आम्ही त्यांच्यापुढे पापडी सोलायला ठेवली.

सुरुवातीला मुहूर्त (हा शब्द चालेल ना?) हवा असेल तर आगमनकाळाचा पहिला रविवार घ्या. उपासनेचं वर्ष तिथून सुरू होतं, आणि नाताळपर्यंत चार रविवार हातात मिळतात. दर रविवारी एक भजन.

जुनी_पाने

मी ख्रिस्ती नाही. जुन्या मराठी छपाईचा नाद आहे म्हणून इथे डोकावतो.

टायपाची ही कटकट तुमच्याच वाट्याला आली असं समजू नका. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. मराठी ओव्या, पण सगळ्या रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे तिथे नव्हते. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. अख्खं पुराण देवनागरीत छापून मराठी वाचकांच्या हाती आलं ते १९५६ मध्ये. म्हणजे फॉन्ट बदलायला तीनशे चाळीस वर्षं लागली. तुमची प्रगती त्या मानाने झपाट्याची आहे.

दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना घातला, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं आपलं मराठी भाषांतर तिथेच छापायला घेतलं. बाहेरच्या कोणावर अवलंबून राहायला नको, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तेव्हा नव्या जागेचं नाव, पासवर्ड, नूतनीकरणाचा ईमेल, सगळं तुमच्या स्वतःच्या हातात ठेवा. भाचा कितीही गुणी असला तरी.

आता हक्कांचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये. त्या दोघांचं स्वतःचं काव्य निर्धास्तपणे द्या. एकोणिसाव्या शतकातल्या भजनकारांचंही तसंच. मात्र हल्लीच्या भजनसंग्रहातलं पान फोटो काढून जसंच्या तसं टाकू नका; संपादन, स्वरलिपी, प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असू शकतात. हयात गीतकारांची परवानगी घ्या. बायबलमधलं वचन लेखात उद्धृत करायला हरकत नाही, अध्यायच्या अध्याय उतरवायचे असतील तर भाषांतराचे हक्क कोणाकडे आहेत ते पाहावं लागेल. हक्कमुक्त पुस्तकं मिळाली तर मराठी विकिस्रोतावरही चढवा. तुमची जागा उद्या पुन्हा बंद पडली तरी ती तिथे राहतील.

सिस्टरबाई_नगर

जुनी_पाने, तुम्ही भजनांबद्दल इतकं लिहिलंत म्हणून एक सांगते, तुम्हाला आवडेल. आमच्या जुन्या संग्रहांत भजनाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. त्या काळी ते गाणं लोकांच्या तोंडी असणार, म्हणून एवढ्यावर भागायचं. आज कित्येकदा ती चालच कोणाला माहीत नसते. साकी, दिंडी, ओवी, अभंग असं लिहिलं असेल तर निदान वाट सापडते. नुसती गाण्याची ओळ असली की संपलं. भजन छापलेलं आहे, शब्द शाबूत आहेत, आणि गाता येत नाही. माझे जुने लेख मुख्यतः याच्याबद्दल होते: अमुक गावात ही चाल अशी म्हणतात, तमुक गावात धृपदाला ठेका बदलतात, टाळ कुठे पडतो. वडिलांच्या हाताखालचे एक तबलजी होते, ते म्हणायचे की ख्रिस्ती भजनाला इंग्रजी पेटी मिळाली आणि त्याचं पोट सुटलं. लेखात हे मी लिहिलं होतं. पाळकसाहेबांना आवडलं नव्हतं.

वसईची_माय, तुमची पापडीची युक्ती चोरते. आमच्याकडे हरभरा सोलायला देईन. आणि मुहूर्त चालेल हो.

एका गोष्टीबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. साक्षींचं काय करू? वाचकांना त्याच सगळ्यात आवडायच्या. त्या वाचल्या तर पुन्हा वर टाकायच्या, असं मी धरूनच चाललेय.

जालना_रोड

धरून चालू नका, ताई.

मी मराठवाड्यातल्या खेड्यांत बचत गटांचं काम करतो. आडवळणाने लिहिलं तर कळणार नाही, म्हणून सरळच लिहितो. तुमच्या साक्षींत नावं असतील, गावं असतील, आडनावं असतील. 'आम्ही अमुक जातीचे, अमुक साली प्रभूकडे आलो' असंही असेल. साक्ष तशीच सुरू होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती माणसाला मिळत नाही. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. याचा खेड्यात काय अर्थ होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. एकाच घरात आजी उपासनेला जाते आणि नातवाच्या दाखल्यावर वेगळं असतं. त्यात बरोबर काय, चूक काय, हा वाद वेगळा. पण तो नातू आज नोकरीत असेल, निवडणुकीला उभा असेल, आणि त्याच्या आजीची साक्ष तुम्ही नावानिशी इंटरनेटवर ठेवणार असाल, तर त्याला विचारलंय का?

तुम्ही म्हणाल, तेव्हाही नावं होतीच की. होती. पण तेव्हाचा तुमचा लेख जुन्या फॉन्टमध्ये होता. शोधयंत्राला त्यात मराठी दिसतच नव्हती, रोमन खिचडी दिसत होती. ज्याला पत्ता माहीत तोच येऊन वाचायचा. अक्षरजुळारींनी तो लेख युनिकोडमध्ये आणला की गावाचं नाव आणि आडनाव टाकणाऱ्या कोणाच्याही पुढ्यात तो पहिल्या पानावर येईल. लेख तोच, पण जागा तीच राहणार नाही.

सासरच्या छळाच्या साक्षींचं तर विचारूच नका. त्या बाया अजून त्याच घरात असतील.

स्पष्ट_बोलतो

हे पटलं. नावं बदला आणि टाका.

अक्षरजुळारी

नावं बदलून भागत नाही नेहमी. 'शेवग्याच्या झाडामागचं घर, नवरा एसटीत कंडक्टर, थोरली मुलगी नर्स' एवढं असलं की गाव ओळखतं.

मी तांत्रिक बाजूनेच बोलतो. एखादं पान शोधयंत्रांनी घेऊ नये अशी सूचना पानात घालता येते. मोठी शोधयंत्रं ती पाळतात. पण पान उघडं असेल तर कोणीही त्याची प्रत काढू शकतो, पुढे पाठवू शकतो. ज्याला खरंच लपवायचंय त्याने ते इंटरनेटवर ठेवूच नये. आणि ताई, मी वेबॅकचा सल्ला दिला, त्याची दुसरी बाजूही बघा: तिथे तुमच्या त्या साक्षी आजही पडून असू शकतात. आपल्या जागेची पानं काढून टाका अशी विनंती त्यांना ईमेलने करता येते. नाव आता तुमच्याकडे नाही, तेव्हा लिखाण तुमचं होतं याचा पुरावा जोडा, जुनी बिलं, ईमेल, काहीही. ते ऐकतीलच असं मी म्हणत नाही, पण ईयोब उतरवून घेतल्यावर विनंती करून पाहा.

वसईची_माय

माझं थोडं उलटं मत आहे. सगळंच झाकायचं ठरवलं तर आपल्या लोकांचा इतिहास कोण लिहिणार? गॅझेटियरमध्ये आमच्याबद्दल शेती आणि लोकसंख्या आहे. घरात काय चाललं होतं ते फक्त अशा साक्षींत आहे. निदान वीस वर्षांनी उघडायचं म्हणून एखाद्या ग्रंथालयात तरी द्या.

सिस्टरबाई_नगर

उत्तर द्यायला वेळ लागला. कागद काढून बसले होते.

जालना_रोड, तुमचं फॉन्टबद्दलचं म्हणणं वाचून मी चहा तसाच ठेवला. आम्ही त्या फॉन्टला इतकी वर्षं शिव्या दिल्या आणि तो बिचारा दाराला आडवा होऊन बसला होता.

पण तुमचं सगळंच मला मान्य नाही. साक्ष म्हणजे काय? माणूस मंडळीपुढे उभा राहतो, आपलं नाव सांगतो आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. टोपणनावाने साक्ष देत नाहीत. वडिलांच्या वहीत एका बाईबद्दल टीप आहे, ती मोठ्याने नाव सांगून उभी राहिली म्हणून घरच्यांनी तिला महिनाभर चुलीपाशी येऊ दिलं नाही. अशा बाईचं नाव मी आज 'एक भगिनी' करून टाकलं तर तिने एवढं सोसलं ते कशाला? नाव सांगणं हाच त्यातला अर्धा भाग होता.

मात्र ते नाव तिने मंडळीपुढे सांगितलं होतं, पन्नास-साठ ओळखीच्या माणसांपुढे, छपराखाली. सगळ्या जगापुढे नाही. आणि मी नोकरी केली ती वॉर्डात. पेशंटचा केसपेपर वॉर्डाबाहेर जात नाही हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून माझं ठरलं ते असं. जे हयात आहेत त्यांच्याकडे मी स्वतः जाणार. लेख वाचून दाखवणार. नावासकट चालेल का, नावाशिवाय चालेल का, की नकोच? त्यांच्या मुलासुनेसमोर विचारायचं नाही, एकटं गाठून विचारायचं. मुलासमोर बाई कधी नाही म्हणत नाही आणि कधी हो म्हणत नाही. जे गेले त्यांच्या घरच्यांना विचारणार. ज्यांचा पत्ताच नाही त्यांच्या साक्षी वहीत राहतील. वसईची_माय म्हणतात तसं ग्रंथालयाला द्यायचं मी मनात ठेवलंय. इथे सेमिनरीकडे (पाळक शिकतात त्या कॉलेजकडे) जुने कागद असतात, तिथे बोलून पाहीन, अटी लिहून घेईन. वेबॅकला विनंतीही पाठवते, भाच्याकडे जुनी बिलं आहेत.

छळाच्या साक्षी कोणालाही विचारणार नाही. त्या नाहीच.

मृत्युलेखांचं मला सोपं वाटत होतं, ते निघाले अवघड. एका घरात जमिनीचा दावा चालू आहे आणि कोण कोणाचा सख्खा ते माझ्या लेखात लिहिलेलं आहे. तोही बाजूला ठेवला. वकिलाने छापून नेला असता.

भजनांचे लेख मात्र सगळे परत आणणार, आणि तेच आधी. अक्षरजुळारींनी टोप्या-टिंबांची फाइल उलटी फिरवून दिली, एका ठिकाणी सोडून सगळं मराठी परत आलं. ईयोब वेबॅकवरही नाही. तो पुन्हा लिहीन. तेव्हा मी पन्नाशीच्या आतली होते आणि ईयोबाच्या मित्रांवर फार रागावले होते. आता त्यांच्याबद्दल थोडं वेगळं वाटतं, निदान सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले होते. हे काही आमच्या सगळ्या भेटीला येणाऱ्यांना जमत नाही.

नवं नाव माझ्या ईमेलवर घेतलंय. पाच वर्षांचे पैसे भरलेत, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे. सगळ्या लेखांची साध्या मजकुराची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भाचीकडे. भाचा नाराज आहे.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या मुलाचं भजन. काल आमच्या घरी ध्वनिमुद्रण करून पाहिलं, चौघी गाणाऱ्या, एक पेटी, एक टाळ. पेटी फारच पुढे येतेय, शब्द ऐकू येत नाहीत. मोबाइल टेबलावर ठेवला होता. आणि फाइल कोणत्या प्रकारात चढवू?

अक्षरजुळारी

मोबाइल टेबलावर ठेवू नका, टेबल थरथरतं आणि तेच आत जातं. खाली घडी घातलेली चादर ठेवा. पेटी आणि टाळ मागे न्या, गाणाऱ्या पुढे, मोबाइल त्यांच्यापासून हातभर. पंखा बंद. मूळ ध्वनिमुद्रण असेल तसं जपून ठेवा, चढवायला त्याची एमपीथ्री करा. खेड्यात नेटवर्क कमी असतं, म्हणून मोनोच (दोन्ही कानांना एकच आवाज) ठेवा, फाइल लहान ठेवता येते.

वसईची_माय

आणि हरभरा आधी सोलून घ्या. टरफलांचा आवाज येतो. पापडीच्या वेळी आमचं पहिलं गाणं त्यातच गेलं.